चीतपट केल्यावर पुढं काय?

(सोलापुरातल्या एका तालमीत कुस्तीगिरांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

वस्ताद मंडळी आणि पोरांनो, तुम्हाला दुहेरी पट, म्हणजे दोन्ही पाय धरून पाडणं, शिकवायला मी आलेलो नाही. त्यात तुम्हीच मला शिकवाल. मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या जत्रेत समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लागले की हलगी कडाडते, फेटा बांधतात, विषय संपला. ब्राझिलियन जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवर पकडी लावून समोरच्याला हार मानायला लावणाऱ्या कुस्तीत, खरं भांडण तिथून पेटतं. तो पाठीवर पडलाय खरा, पण त्याचे दोन्ही पाय तुमच्या दोघांच्या मध्ये आहेत. हा पायांचा अडसर म्हणजे गार्ड. त्यातून तो गळा आवळतो, कोपर उलटा करतो, तुम्हाला उलथवून वर बसतो. हा अडसर ओलांडायचा कसा, तेच आज सांगतो.

जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत खाली पाडलं की 2 गुण. पाय ओलांडून बाजूचा कब्जा घेतला आणि 3 सेकंद टिकवला की 3. तुमच्या पटापेक्षा हे महाग आहे, बघा की.

पैलवान गार्डमध्ये पहिलं काय करतो? डोकं खाली घालून, ताकदीनं पुढं रेटतो. त्यात एक हात खालच्याच्या पायांच्या आत राहतो आणि दुसरा बाहेर. तेवढंच त्याला हवं असतं. पाय मानेभोवती टाकून तो ट्रँगल, म्हणजे पायांनी गळा आवळणारी पकड, बांधतो. म्हणून नवख्यानं दोन्ही हात आत ठेवावेत, नाहीतर दोन्ही बाहेर. कोपरं बरगड्यांना चिकटलेली.

आता मुख्य मुद्दा. पाय हलतात कशाच्या जोरावर? कमरेच्या. त्यामुळे लाथांच्या मागं पळत बसू नका, कंबर जमिनीला खिळवा किंवा एका अंगाला पिळा. टोरेआंडो नावाच्या डावात त्याच्या दोन्ही गुडघ्यांजवळचं विजारीचं कापड धरून पाय एका बाजूला लोटायचे आणि आपण दुसऱ्या बाजूनं शिरायचं. नवख्यांना हा भारी आवडतो, कारण त्यात पळायला मिळतं. पण पाय लोटल्यावर छातीचं वजन लगेच अंगावर आलं नाही, तर तो कूस बदलून पुन्हा समोर येतो. मग तुम्ही त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहता आणि तो निवांत पडून बघत असतो.

मला विचाराल तर सुरुवात नी-कट या डावापासून करा. त्याच्या एका मांडीवरून आपला गुडघा तिरका जमिनीकडे घुसवायचा, पलीकडच्या काखेत हात घालायचा आणि डोकं त्याच्या डोक्याला भिडवायचं. काखेतल्या त्या हातासाठीच सगळी मारामारी असते. तो हात त्याला मिळाला, तर तो कुशीवर उठून तुमच्या पाठीमागं जातो, आणि पाठीचा कब्जा म्हणजे त्याला 4 गुण.

एकट्या नी-कटला जाणता माणूस दाद देत नाही. तो वरचा गुडघा तुमच्या छातीला आडवा लावतो. लावू द्या. तोच पाय धरून त्याच्या अंगावरून पलीकडे ओढला की लेग ड्रॅग झाला. कंबर पिळली, पाठ उघडी पडली. ती झाकायला तो परत सरळ झाला, की गुडघ्याची वाट पुन्हा मोकळी. एका डावाची धास्ती दाखवून दुसरा मारायचा, हे तालमीत कुणाला सांगायला नको. लेग ड्रॅग पाहायचा तर जिउ-जित्सूतल्या राफाएल मेंडिसच्या लढती पाहा, नी-कटसाठी लिअँड्रो लोच्या.

मघाशी एका पैलवानानं विचारलं, अंगानं जड माणसानं काय करायचं? त्यानं बर्नार्डो फारिया पाहावा. 2015 च्या जिउ-जित्सू विश्वस्पर्धेत त्यानं खुला, म्हणजे वजनाची अट नसलेला, गट जिंकला. त्याचा डाव ओव्हर-अंडर: एक हात एका पायावरून, दुसरा हात दुसऱ्या पायाखालून, आणि खांदा कमरेत रुतवायचा. तुम्ही म्हणाल, एक हात आत, एक बाहेर, हे तर तुम्हीच नको म्हणालात! बरोबर. पण इथं डोकं आणि खांदा खाली दाबलेले असतात, एक पाय जमिनीला खिळलेला असतो, ट्रँगल लावायला कंबर उचलताच येत नाही. मग जात्यावर भरडावं तसं हळूहळू पुढं सरकायचं. दिसायला हे रटाळ आहे. खाली अडकलेल्याला मात्र श्वास पुरत नाही.

दोन्ही पायांखालून हात घालून दुमडायचा प्रकारही आहे. त्यात सगळा भार खालच्याच्या मानेवर जातो. पोरांनी तो वस्तादांसमोरच करावा, जोडीदारानं हार मानून हातानं थाप दिली की तत्क्षणी सोडावं.

सरावाची पद्धत सोपी आहे. लढत उभ्यानं सुरूच करायची नाही, नाहीतर तुम्ही सगळे पटच काढत बसाल. एकानं पाठीवर पडायचं, दुसऱ्यानं पायांसमोर बसायचं. पाय ओलांडले, किंवा खालच्यानं उलथवलं, की थांबायचं. हरलेला उठेल, रांगेतला पुढचा येईल. आणि आज जो सगळ्यात वजनदार आहे, त्यालाच आधी खाली झोपवा.