ब्रॅडबरीचे सुवर्णपदक आणि काकतालीय न्याय

मित्रहो, १६ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी येथे हिवाळी ऑलिंपिकमधली शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची १००० मीटरची अंतिम शर्यत झाली. तिची चित्रफीत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. चार स्पर्धक एकमेकांना खेटून पुढे धावत असतात आणि त्यांच्या मागे सुमारे पंधरा मीटरवर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी एकटाच असतो. शेवटच्या वळणावर पुढचे चौघेही कोसळतात. मागून येणारा ब्रॅडबरी तेवढा उभा असतो आणि तो अंतिम रेषा ओलांडतो. ही चित्रफीत पाहणारा बहुधा हसतो. ऑस्ट्रेलियन इंग्रजीत तर या माणसाच्या आडनावाचा वाक्प्रचारच झाला असून, इतरांच्या पडण्यामुळे अनपेक्षित यश मिळाले की तो वापरला जातो.

आपल्या परंपरेत अशा घटनेला एक नाव आधीपासून आहे. कावळा ताडावर येऊन बसतो आणि नेमके त्याच क्षणी फळ गळून पडते, त्याला आपण काकतालीय न्याय म्हणतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे मराठीत सहज बोलले जाते. ब्रॅडबरीच्या विजयाला हा न्याय लागू पडतो का, एवढाच प्रश्न घेऊन मी आज तुमच्यासमोर उभा आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते पटवून देण्यासाठी मला त्या दीड मिनिटाच्या बरेच मागे जावे लागेल.

पण त्याआधी या खेळाविषयी थोडे सांगतो, कारण आपल्याकडे शहरोशहरी मुले चाकांचे स्केटिंग शिकत असली तरी बर्फावरचा हा प्रकार फारसा परिचयाचा नाही. स्पीड स्केटिंगच्या जुन्या प्रकारात ४०० मीटरच्या मार्गावर दोन स्पर्धक आपापल्या पट्ट्यातून धावतात आणि निकाल घड्याळ ठरवते. शॉर्ट ट्रॅकमध्ये मात्र जेमतेम १११ मीटरच्या लंबगोलावर चार-पाच जण एकाच वेळी धावतात, कुणालाही स्वतंत्र पट्टा नसतो, आणि कोण किती वेगाने धावला यापेक्षा कोण कितवा आला हेच महत्त्वाचे ठरते. ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने वळणात शिरताना स्पर्धक इतका आत झुकतो की त्याच्या डाव्या हाताची बोटे बर्फाला टेकतात, आणि त्याचा सारा भार त्या क्षणी एका अरुंद पोलादी पात्याच्या धारेवर असतो. अशा अवस्थेत शेजाऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी दोघेही खाली येतात. पडणे हा या खेळात अपघात असला तरी तो अपवाद नव्हे, आणि म्हणून पडझडीचा अंदाज बांधणे हेही इथल्या कौशल्याचाच भाग आहे.

हे ब्रॅडबरीला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. १९९१ मध्ये सिडनीत झालेल्या जागतिक स्पर्धेत ५००० मीटर रिले जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघात तो होता, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. १९९४ च्या लिलहॅमर ऑलिंपिकमध्ये त्याच संघाने कांस्यपदक मिळवले आणि हिवाळी ऑलिंपिकमधले ऑस्ट्रेलियाचे ते पहिले पदक ठरले. त्याच स्पर्धेतल्या वैयक्तिक शर्यतीत त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या, पण एका प्रतिस्पर्ध्याने त्याला नियमबाह्य धक्का दिला. धक्का देणारा बाद झाला, परंतु ब्रॅडबरीची संधीही त्याबरोबर गेली. पुढे १९९८ मध्ये नागानो येथेही इतरांशी झालेल्या धडकांनी त्याला मागे ठेवले. दैवाने दुसऱ्यांच्या चुका त्याच्या पदरात टाकल्याची चर्चा जगभर होते, पण त्याच दैवाने त्याच्या हातून काय काय काढून घेतले होते, याची नोंद त्या चित्रफितीत नसते.

लिलहॅमरनंतर त्याच वर्षी माँट्रियल येथील विश्वचषक शर्यतीत एक स्पर्धक त्याच्यासमोर पडला आणि त्या धडकेत त्याचे पाते ब्रॅडबरीच्या उजव्या मांडीत आरपार घुसले. शरीरातले सुमारे चार लिटर रक्त वाहून गेले. शुद्ध हरपली तर आपण मरू, असे त्याला वाटत होते आणि तो डोळे उघडे ठेवण्यासाठी झगडत होता. मांडीला १११ टाके पडले आणि पायात पूर्वीची ताकद यायला दीड वर्ष लागले. त्यानंतर २००० साली सराव करताना पुढे पडलेल्या सहकाऱ्याला चुकवण्यासाठी त्याने त्याच्यावरून उडी मारण्याचा प्रयत्न केला. पाय अडकला, तो डोक्यावर कठड्याला आपटला आणि मानेतल्या चौथ्या व पाचव्या मणक्यांना अस्थिभंग झाला. कवटीत चार खिळे रोवून बसवलेला धातूचा सांगाडा डोक्याभोवती घेऊन त्याला दीड महिना काढावा लागला. पुन्हा बर्फावर उतरता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. सॉल्ट लेक सिटीची स्पर्धा तेव्हा जेमतेम दीड वर्षावर होती.

तरीही तो तिथे पोहोचला, अठ्ठावीस वर्षांचा, आणि पदकाच्या दावेदारांत त्याचे नाव कुणी घेत नव्हते. प्राथमिक फेरी त्याने जिंकली, ती कुणाच्याही पडण्यावाचून. उपांत्यपूर्व फेरीत त्याच्या गटात अमेरिकेचा अपोलो ओनो आणि कॅनडाचा मार्क गॅन्यों होते. ब्रॅडबरी तिसरा आला, म्हणजे बाहेर गेला. मात्र पंचांनी अडथळा आणल्याबद्दल गॅन्योंला बाद केले आणि दुसरी जागा ब्रॅडबरीकडे आली.

उपांत्य फेरीपूर्वी त्याने आपल्या प्रशिक्षक ॲन झँग यांच्याशी जो विचार केला, तो मला या साऱ्या हकिगतीचा गाभा वाटतो. एकाच संध्याकाळी लागोपाठ शर्यती धावण्याइतकी शक्ती आता आपल्या पायांत उरलेली नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. पुढच्या घोळक्यात शिरून झुंज दिली तरी शेवटचाच क्रमांक येणार होता. मग मागे राहून, घोळक्यापासून अंतर ठेवून, पुढचे जोखीम घेतील आणि घसरतील याची वाट का पाहू नये? स्वतःच्या शरीराविषयी इतके निर्दय सत्य स्वीकारणे आणि जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत त्या सत्यावर डावपेच उभा करणे, हे मला कोणत्याही मुसंडीपेक्षा कमी धैर्याचे वाटत नाही. उपांत्य फेरीत कोरियाचा आधीचा ऑलिंपिक विजेता किम डोंग-सुंग, चीनचा ली जियाजुन आणि कॅनडाचा मॅथ्यू तुरकोट हे तिघेही पडले. ब्रॅडबरी जपानच्या सातोरू तेराओच्या मागे दुसरा आला, आणि तेराओ बाद ठरल्यावर पहिला झाला. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पडलेले ली आणि तुरकोट हेही पंचांच्या निर्णयांमुळेच अंतिम फेरीत पोहोचले होते. त्या रात्री नशिबाचे देणे एकट्या ब्रॅडबरीलाच लागत होते असे नाही.

अंतिम शर्यतीत ओनो, ली, तुरकोट आणि कोरियाचा आन ह्युन-सू हे चौघे पुढे होते. ओनोला त्याच्या घरच्या प्रेक्षकांनी आधीच विजेता मानले होते. शेवटच्या वळणावर लीने ओनोला बाहेरून गाठण्याचा प्रयत्न केला, दोघांची झटापट झाली, ली बाहेर फेकला गेला आणि पाठोपाठ ओनो, आन व तुरकोट एकमेकांत गुंतून कठड्याकडे घरंगळले. ब्रॅडबरीने १ मिनिट २९.१०९ सेकंदांत रेषा ओलांडली. निकाल कायम राहिला, आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये दक्षिण गोलार्धातल्या देशाला मिळालेले ते पहिलेच सुवर्णपदक ठरले.

आता आपल्या कावळ्याकडे परत येऊ. काकतालीय न्यायातल्या कावळ्याला फळ पडणार आहे याची कल्पनाही नसते, तो केवळ बसायला आलेला असतो. ब्रॅडबरी त्या झाडाखाली दहा वर्षांहून अधिक काळ उभा होता आणि फळ कसे सुटते, कोणत्या वळणावर सुटते, हे त्याने स्वतःच्या मांडीवर आणि मानेवर झेलून शिकलेले होते. फळ पाडणे त्याच्या हाती नव्हते, हे मान्यच केले पाहिजे, आणि त्यानेही ते कधी नाकारले नाही. आपण सर्वांत वेगवान नव्हतो, हे त्याने त्याच वेळी उघडपणे सांगितले. हे पदक आपण त्या दीड मिनिटासाठी नव्हे, तर गेल्या दशकभराच्या कष्टांसाठी स्वीकारत आहोत, अशी त्याची भूमिका होती. मला ती नम्रता वाटत नाही, मला तो अचूक हिशेब वाटतो.

या प्रसंगातला एक तपशील मला फार हलवून जातो. बर्फावरच्या शर्यतींसाठी लागणारे बूट बनवण्याचा ब्रॅडबरीचा छोटासा व्यवसाय होता. त्याने ओनोला आपले बूट विनामूल्य दिले होते आणि स्पर्धेपूर्वी त्याला ईमेल पाठवून विनंती केली होती की, तू जिंकलास की या बुटांचा उल्लेख कर. सुवर्णपदक ओनोलाच मिळेल, असे ब्रॅडबरीनेही धरले होते. वळणावर कोसळलेल्या ओनोच्या मांडीला पात्याने जखम झाली, तरी तो कसाबसा उठला आणि त्याने पाय पुढे टाकत स्वतःला रेषेपलीकडे झोकून दिले. रौप्यपदक मिळवणारे ते पाय ब्रॅडबरीच्या बुटांत होते.