विली मेली आणि हिशोबाची वही

मंडळी, विषय दिलाय सुरुवातीचे स्कॉटिश फुटबॉल मॅनेजर, पण मी एकाच माणसावर बोलणार, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे विली मेली. माझं म्हणणं एवढंच की मॅनेजर मैदानावर जन्मला नाही, तो ऑफिसात हिशोबाच्या वहीशेजारी जन्मला. त्याकडे येतोच, आधी ती दारावरची गोष्ट सांगू द्या.

1887 चा डिसेंबर. ग्लासगोच्या पूर्व भागात आयरिश वस्तीत इतकी गरिबी की पोरांच्या जेवणाला पैसे उभे करायला ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूंनी फुटबॉल क्लब काढायचं मनावर घेतलं, तोच हा सेल्टिक. दोघातिघांना घेऊन ते कॅथकार्टला गेले, टॉम मेली या खेळाडूला बोलवायला. टॉम घरीच नाही! घरात कोण, तर एकोणीस वर्षांचा धाकटा विली आणि फौजेत नोकरी केलेले वडील. आणि बघा, वॉलफ्रिडबरोबर पॅट वेल्श होते, आयरिश बंडखोर. वीस वर्षांपूर्वी डब्लिनहून पळताना ते एका ब्रिटिश सार्जंटच्या हाती लागले आणि त्याने त्यांना जाऊ दिलं असं सांगतात, तो सार्जंट म्हणजे हेच वडील! असं घर. निघता निघता वॉलफ्रिड विलीला म्हणाले, तूपण ये की. बोलवायला गेले थोरल्याला आणि धाकटा मिळाला तो 1940 पर्यंत. मला अजून अंगावर काटा येतो.

जाता जाता, 1936 मध्ये आपल्या कलकत्त्याचे मोहम्मद सलीम पायांना नुसत्या पट्ट्या बांधून, अनवाणी, सेल्टिकच्या राखीव संघातून दोन मॅच खेळले ना, तेव्हा मॅनेजर हेच. अनवाणी माणसाला संधी दिली, ही छोटी गोष्ट नाही.

अरे, पाचच मिनिटं? बरं, मुद्दा. 1897 ला क्लबची कंपनी झाली आणि हिशोब शिकलेल्या मेलींना सेक्रेटरी-मॅनेजर केलं, वय तिशीच्या आत, पगार वर्षाला 150 पौंड. सराव ट्रेनर घ्यायचा, हे स्टँडमध्ये बसून मॅच बघायचे. यांचं काम माणसं हेरणं आणि पैसा सांभाळणं. महागडे खेळाडू आणण्यापेक्षा आसपासची तरणी पोरं घ्यायची, क्रॉय गावचा खाणकामगार जिमी क्विन असाच आणला, यायला तयार नव्हता, मेलींनी गळ घातली, आणि 1904 च्या स्कॉटिश कप फायनलला त्याने ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबवर हॅटट्रिक मारली. मग 1905 ते 1910 लागोपाठ सहा लीग जिंकल्या, 1915 ते 1917 लीगच्या 62 मॅच न हरता, एकूण 16 लीग, 14 स्कॉटिश कप. हे सगळं वहीजवळ बसून झालं हो, खडू-फळा नाही, डावपेचांची भाषणं नाहीत!

हो हो, संपवतो. 1938 ला पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल क्लबने त्यांना 2,500 गिनी दिल्या, त्यावरचा इन्कम टॅक्स कोणी भरायचा यावरून संचालकांशी बिनसलं, आणि 1940 च्या सुरुवातीला मेलींनी क्लब सोडला, नंतर कितीतरी वर्षं त्या मैदानाकडे फिरकले नाहीत.