सा हलतो तेव्हा

[दृश्य: कोथरूडमधली एक खोली. भिंतीला टेकलेला गिटारचा ॲम्प्लिफायर, जमिनीवर पेडल, केबलचा गुंता.]

निवेदन:

जॅझ-रॉक गिटार समजून घ्यायची तर आधी एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले काही स्वर, ऐकू या. सी मेजर सेव्हन. पेटीवरच्या पांढरी एकचा सा धरला तर सा, ग, प, नी. चारही स्वर एका फटक्यात, स्वच्छ आवाजात. आता पायानं डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं. हात तोच, कॉर्ड तीच, पण स्वर वेगळे ऐकूच येत नाहीत. सगळा गलका.

यात वाजवणाऱ्याची चूक नाही. डिस्टॉर्शनमध्ये ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, आणि दोन स्वर एकत्र असतील तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवेच स्वर तयार होतात. 110 हर्ट्‌झचा सा आणि 165 चा प घ्या. वजाबाकी 55, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. म्हणून रॉकमध्ये सा-प ही जोडी एवढी दणदणीत लागते. आता त्याच सा बरोबर शुद्ध नी लावा, साधारण 208 चा. वजाबाकी 98. हा जवळपास मंद्र सप्तकातला कोमल नी. तो कुणी वाजवलेला नाही, तरी तो आहे, आणि शुद्ध नीशी भांडतो आहे.

जॅझला तर हे नी हवेतच. रॉकला हवा आहे तो पेटलेला, लांबणारा आवाज. दोन्ही एकाच गिटारवर हवं असेल तर स्वर एकत्र न वाजवता एकामागून एक वाजवायचे. हाच आर्पेजिओ. पुष्कळ जण तो बोटांचा वेग दाखवण्यासाठी शिकतात. आमच्या मते त्याचं खरं काम वेगळं आहे. कॉर्ड बदलली, हे एका वेळी एकच स्वर वाजवून सांगायचं काम.

[दृश्य: जुन्या तबकड्या, फिरती सुई.]

1969 मध्ये जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणांत जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक होता. 1971 मध्ये त्यानं महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा जॅझ-रॉक बँड उभा केला. महाविष्णू हे नाव त्याला श्री चिन्मॉय या गुरूंनी दिलेलं. पुढे तो वीणा शिकला आणि झाकिर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासोबत ‘शक्ती’ या बँडमध्ये वाजवू लागला. ॲलन होल्ड्सवर्थ आणि फ्रँक गॅम्बाली या गिटारवादकांचे रस्ते वेगळे, पण जॅझचे गुंतागुंतीचे स्वर आणि रॉकचा आवाज एकत्र नांदवायचा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच.

पुण्यात हे शिकताना एक गोष्ट आपल्या बाजूची असते. इथल्या कितीतरी घरांत मुलं गांधर्वच्या परीक्षा देतात, डिसेंबरात सवाईला जातात. स्वर कानात बसलेला असतो. आणि नेमकी तिथेच पहिली अडचण उभी राहते.

[दृश्य: विद्यार्थिनी आणि शिक्षक. गिटार मांडीवर, पण हात थांबलेले.]

ही मुलगी शाळेत असताना गाणं शिकली. आता इंजिनिअरिंगला आहे. सरांनी फळ्यावर तीन कॉर्ड लिहिल्या आहेत: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. जॅझ शिकणाऱ्या प्रत्येकाला ही वाट तुडवावीच लागते.

“वाजवू नकोस, आधी गा.”

ती गाते. रे म ध सां (अनुस्वार म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर). मग प नी रें मं. मग सा ग प नी. एकही स्वर हलत नाही.

“पलटा अगदी बरोबर,” सर म्हणतात. “पण तिन्ही वेळा तू एकाच सा वर उभी आहेस.”

“पण सर, सा एकच असतो ना?”

“फोनवरचा तानपुरा बंद कर, आणि मी खाली काय वाजवतो ते ऐक.”

ते डी वाजवत राहतात. आता तिचा रे हाच सा झाला. म झाला कोमल ग, ध झाला प, आणि सां झाला कोमल नी. मग खाली जी येतो, आणि तोच म आता जी चा कोमल नी होतो. स्वर जागचा हललेला नाही, त्याचं नातं बदललं आहे.

रागात सा हलत नाही, म्हणूनच प्रत्येक स्वराला त्याची खोली मिळते. इथे कॉर्ड बदलली की सा सरकतो, आणि तो सरकताना दोन स्वर वाट दाखवतात. डी मायनरमधला सां अर्ध्या स्वरानं उतरून जी सेव्हनमधला नी होतो. जी सेव्हनमधला म अर्ध्या स्वरानं उतरून सी चा ग होतो. हे दोन उतार कानाला सापडले की मागे कुणीही साथीला नसताना, एकेक स्वर वाजवूनही कॉर्ड बदलताना ऐकू येते. बाकीचे स्वर नंतर आले तरी चालतील.

[दृश्य: दोन्ही हात, अगदी जवळून.]

बोटांचं काम कष्टाचं आहे. सी मेजर सेव्हन घ्या. पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा खण), चौथीवर दुसरा आणि पाचवा, तिसरीवर चौथा आणि पाचवा, दुसरीवर पाचवा, पहिलीवर तिसरा. शेजारच्या तारा सा ते म एवढ्या अंतरानं लावलेल्या, पण तिसरी आणि दुसरी यांच्यात अंतर सा ते ग एवढंच. म्हणून तिथे बोटांची आकृती एका फ्रेटनं सरकते.

जिथे एका तारेवर एकच स्वर आहे तिथे पिक, म्हणजे तार छेडायचा छोटा तुकडा, दर वेळी वरखाली करायची गरज नाही. एकाच दिशेनं ते शेजारच्या तारेवर उतरवायचं. याला स्वीप म्हणतात. पण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर इथे पाचवाच फ्रेट लागोपाठ येतो. बोट आडवं दाबून ठेवलं तर दोन्ही तारा एकत्र वाजतात आणि डिस्टॉर्शनमध्ये पुन्हा तो गलका. म्हणून बोट टोकाकडून पेराकडे लोळवायचं, पहिला स्वर मिटला की दुसरा उघडायचा. सोडलेल्या तारा उजव्या तळहाताच्या कडेनं दाबून गप्प ठेवायच्या. शिकणाऱ्याला सगळ्यात उशिरा जमतो तो हा गप्प ठेवण्याचा भाग, आणि जॅझ-रॉकचा स्वच्छपणा त्यावरच उभा आहे. सर मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवतात, एका ठोक्याला दोन स्वर. इथे घाई करण्यात काहीच फायदा नाही.

पुढची पायरी मला फार आवडते. खाली सी चालू असताना ती ई मायनर सेव्हनचा आर्पेजिओ वाजवते: ग, प, नी, रें. सा गाळला, तो बास वाजवणाऱ्याकडे सोपवला, आणि वर रें मिळाला. कॉर्ड एकदम उजळते. नवीन आकृती शिकावी लागली नाही, डी मायनर सेव्हनची हातात होती तीच दुसऱ्या जागी ठेवली.

[दृश्य: बुधवार पेठ, तपकीर गल्ली. पेडलसाठी ॲडॅप्टर घेणारा ड्रमर. मग सरावाची खोली.]

आता ड्रम आणि बास आहेत. सी मेजर सेव्हन चार मात्रा, मग अचानक ई फ्लॅट मेजर सेव्हन. ओळखीची वाट नाही, जॅझ-रॉकमध्ये असे उड्या मारणारे बदल सारखे येतात. सी च्या सा नं मोजलं तर नव्या कॉर्डमध्ये कोमल ग, प, कोमल नी, रें. दोन्हींत एकच स्वर सामाईक आहे, प.

पहिल्या दोन फेऱ्यांत ती आकृती वाजवते आणि बदल कानाला आदळतो. तिसऱ्या फेरीत ती प वर थांबते. खाली बास ई फ्लॅटवर जातो. जो पंचम होता तो आता शुद्ध गंधार आहे, आणि तिथून ती नव्या कॉर्डमध्ये उतरते.

सर बासवाल्याकडे बघून मान हलवतात. “आता सात मात्रांत. आणि सा काळी एक.”