तीन र आणि एक शिरोरेघ

मित्रहो, खरखरीत ब्रशचा फॉन्ट पडद्यावर दिसला की पहिल्याच अक्षराला आपण भुलतो. कोरड्या कुंचल्याचे चरे, फिसकटलेली टोकं, सगळं जिवंत वाटतं. पण त्या फॉन्टमध्ये आपल्या नाशिकमधलं ‘रविवार कारंजा’ हे नाव टाइप करून बघा. तीन र आहेत त्यात, तीन काने. पेंटरच्या हातचे तीन र सख्खे भाऊ असतात, जुळे नसतात. पहिल्याच्या वेळी कुंचला रंगानं भरलेला असतो, शेवटच्याला रंग संपत आलेला. फॉन्टमध्ये तोच चरा तिन्ही वेळा त्याच जागी उमटला की हाताचा भास तिथंच संपतो.

यावर उपाय आहे. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात एका अक्षराची दोन-तीन रूपं ठेवता येतात आणि शेजारचं अक्षर बघून फॉन्ट आपोआप रूप बदलतो. १९५३ साली फ्रेंच अक्षररचनाकार रॉजर एक्सकोफों यांचा ‘मिस्ट्राल’ हा फॉन्ट आला तेव्हा ही सोय नव्हती. छपाईच्या धातूच्या खिळ्यांवर त्यांनी रोमन अक्षरांची टोकं अशी जुळवली, की छापलेला शब्द सलग हस्ताक्षरासारखा दिसावा! मला त्या कामाचं फार अप्रूप आहे.

आपल्या देवनागरीत मात्र खरी परीक्षा शिरोरेघेची. पाटी रंगवणारे अनेक जण आधी अक्षरं काढतात आणि मग वरून एका फटकाऱ्यात रेघ ओढतात. ती सुरुवातीला ओली, जाड असते, पुढे कोरडी होत जाते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर रेघेचा आपापला तुकडा घेऊन येतं. कोण कुणाशेजारी बसेल हे आधी ठाऊक नसतं, म्हणून सगळ्या तुकड्यांची उंची आणि जाडी कडेला जुळवावीच लागते. मग सांधे दिसू नयेत म्हणून रेघ गुळगुळीत केली जाते, आणि खाली खरखरीत अक्षरं, वर सरळसोट पट्टी असा विजोड शब्द तयार होतो. काही जण तुकडे एकमेकांवर किंचित चढवतात. मला विचाराल तर रेघ मुद्दाम तुटक ठेवावी. वाचायला काही अडत नाही.

आणि चरे म्हणजेच ब्रश नव्हे. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा देवनागरी फॉन्ट मुंबई लोकलच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून आला. त्याच्या कडा स्वच्छ आहेत, तरी चपट्या कुंचल्याचं वळण लगेच ओळखू येतं. वळण चुकलं असेल तर वरून कितीही चरे पाडा, उपयोग नाही.

सिंहस्थाच्या फलकांची कामं आता तुमच्यापैकी अनेकांकडे येतील. फॉन्ट विकत घेण्याआधी ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप करा. जोडाक्षरातली पांढरी जागा चऱ्यांनी बुजते का, त चा पाय मोडून पडतो का, ते लांबून बघा. तसं होत असेल तर तो फॉन्ट सोडा. शीर्षकाचे दोन शब्द शहरातल्या एखाद्या पेंटरकडून लिहून घ्या, स्कॅन करा, आणि त्यांच्या कामाचे पैसे त्यांना पूर्ण द्या.