आईचा पेपर आहे, भाकऱ्या कोण टाकणार?

आपल्याकडे एखाद्या बाईने पस्तिशीला टेकताना परत शिकायचं ठरवलं की कौतुक लगेच होतं, स्टेटसला फोटो लागतात, मावश्या-आत्या सगळ्या अंगठे पाठवतात, आणि संध्याकाळी सात वाजता कणिक मळायला परत तीच उभी असते. आम्ही व्हिडिओ करायला निघालो तेव्हा विषय साधा होता, मूलबाळ झाल्यावर करिअर कसं निवडायचं. पण बायकांशी बोलत गेलो तसं कळत गेलं की "मला काय आवडतं" हा प्रश्न त्यांच्याकडे खूप नंतर येतो, आधी बघायचं असतं ते घड्याळ, म्हणजे दिवसातले कुठले दोन तास माझे आणि वयाच्या अटीत अजून किती वर्षं उरलीत.

त्यातल्या एक ताई नाशिकच्या, सातपूरला पॅकिंगच्या कामाला जातात. नाव नको म्हणाल्या म्हणून घेत नाही. वय ३३, मुलगी सातवीत, धाकटा पहिलीत. दहावी झाली, अकरावीला नाव घातलं आणि लग्न ठरलं. आता नर्स व्हायचंय. सासूबाई आजारी होत्या तेव्हा दवाखान्यात रात्री त्याच थांबायच्या, तिथल्या सिस्टर सलाईन कशी लावतात, पेशंटशी कशा बोलतात हे बघून बघून डोक्यात बसलं, की हे काम मला जमेल.

जमेलच. पण आता हिशोब बघा. एएनएम, म्हणजे साहाय्यक नर्सचा कोर्स २ वर्षांचा, त्याला बारावी लागते, आणि वय ३५ च्या आत पाहिजे. म्हणजे ताईंनी १७ नंबरचा फॉर्म भरून या वर्षी बाहेरून बारावी दिली, पास झाल्या, तर ॲडमिशनच्या वेळी त्या जेमतेम मर्यादेत बसतात. एक वर्ष चुकलं की कठीण. जीएनएम, म्हणजे त्याच्या वरचा नर्सिंगचा डिप्लोमा, त्यालाही ३५ चीच अट आहे, पण आधी एएनएम झालेल्या बाईला तिथे वयाची अट नाही. म्हणून या वयात आधी एएनएम करून आत शिरायचं आणि पुढचं नंतर बघायचं. हे त्यांना शेजारच्या एका आशा सेविकेने सांगितलं, नाहीतर त्या बारावी झाल्यावर सरळ बी.ए.ला नाव घालणार होत्या, तीन वर्षांनी डिग्री हातात आली असती आणि नर्सिंगचं वय निघून गेलेलं असतं.

म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं, आधी नोकरी बघा, तिची वयाची अट बघा आणि मग कोर्स ठरवा. अंगणवाडीत जायचं असेल तर २०२३ च्या शासन निर्णयापासून सेविका काय नि मदतनीस काय, दोघींना बारावी लागते, वय ३५ पर्यंत, विधवा असेल तर ४०. एमपीएससीला खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. आणि चाळिशी उलटली असेल तर वकिली आहे, तीन वर्षांच्या एलएलबीला वय आड येत नाही, कुठलीही डिग्री आणि सीईटी. फक्त दोन गोष्टी आधीच माहीत पाहिजेत. एक, वर्गात ७० टक्के हजेरी लागते, घरी बसून एलएलबी होत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून डिग्री घेतली असेल तर बार कौन्सिलच्या नियमाने लॉला ॲडमिशन मिळत नाही. ही अट ॲडमिशनच्या काउंटरवर कळण्यात काय अर्थ आहे, ती डिग्रीचा फॉर्म भरायच्या आधीच कोणीतरी सांगायला पाहिजे ना.

मुक्त विद्यापीठाला नावं ठेवायची नाहीयेत, उलटंच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ ला सुरू झालं आणि "ज्ञानगंगा घरोघरी" म्हणत खरोखर घरात पोचलं, पुस्तकं घरी वाचायची, नोकरी-संसार सांभाळून परीक्षा द्यायची. ज्या बाईला पदवी पाहिजे, प्रमोशन पाहिजे, स्पर्धा परीक्षेला बसायचंय, तिला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आता कागद. ताईंनी फाईल उघडून दाखवली, प्लास्टिकची, मुलीच्या जुन्या प्रोजेक्टची. वर शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप लावलेली, त्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. खाली आधार कार्ड, त्यावर सासरचं सगळं. त्यांच्या बाबतीत तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं. दोन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे पटवायला लग्नाचं सर्टिफिकेट, नाव बदलल्याचं गॅझेट, आणि त्यासाठी खाडे करून हेलपाटे. रोजावर काम करणाऱ्या बाईला एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. ज्यांना पुढेमागे शिकायचंय त्यांनी हे काम आत्ताच करून ठेवा, फॉर्मची तारीख लागल्यावर धावपळ नको.

हे सगळं आजचंच आहे असंही नाही. पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, ऐन तारुण्यात विधवा झाल्या, पदरात मुलगा होता. त्यानंतर त्या लिहावाचायला शिकल्या, कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरून निधी गोळा केला, आणि पुढे इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं तेही शाळेचं वय उलटून गेलेल्या बायकांना शिकता यावं, पायावर उभं राहता यावं म्हणूनच. आणि अलीकडचं बघा, मुरबाड तालुक्यातलं फांगणे, ८ मार्च २०१६ ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी साड्या नेसून आज्या पाटी घेऊन बसल्या, ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते शाळेचं टायमिंग, दुपारी २ ते ४. सकाळची कामं आवरलेली, संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब. शाळा बायकांच्या वेळेला आली म्हणून बायका शाळेत आल्या.

घरानेही असंच सरकायला पाहिजे. ताईंच्या घरात ते भांडून झालं. आधी त्या रात्री दहानंतर अभ्यासाला बसायच्या आणि पुस्तकावरच डुलक्या घ्यायच्या. मग एक दिवस नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांना सांगता माझी बायको शिकतेय, मग सात ते नऊ मला कोणी हाक मारायची नाही. आता त्या वेळात भात आणि डाळ ते लावतात, पोळ्या सकाळीच जास्तीच्या करून ठेवतात, धाकट्याचा गृहपाठ मुलगी घेते. मुलीला मात्र मी कॅमेरा बंद करून विचारलं, तुझ्या अभ्यासाचं काय, कारण आईचं काम उचलून लेकीच्या अंगावर टाकलं तर आपण काही मिळवलं नाही. ती म्हणाली अर्धाच तास घेते, मग पप्पा बघतात. ते ऐकून बरं वाटलं.

बारावीचे पेपर फेब्रुवारीत आहेत. ताईंना इंग्रजीची भीती वाटते, मराठी-इतिहासाची नाही. नवऱ्याने त्या आठवड्यांसाठी शिफ्ट बदलून मागितली आहे, सुपरवायझरने अजून हो म्हटलेलं नाही. आणि एएनएमला नंबर लागला पण जागा दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली, तर धाकट्याला आजोळी ठेवायचं की सोबत न्यायचं यावर घरात एकमत नाहीये, सासरे म्हणतात पोरगं लहान आहे, नवरा म्हणतो दोनच वर्षं आहेत, मी सांभाळतो. ताई म्हणाल्या, ते नंबर लागल्यावर बघू, आधी इंग्रजी निघू दे.