रामबागेतल्या खिडकीतली पुस्तकं

ही खिडकी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराची, आणि कट्ट्यावर जी पुस्तकं दिसतायत ती सगळी गेल्या पावसाळ्यापासून वाचलेली. क्रम वगैरे काही नाही. काही खजूरी बाजारातनं जुनी उचलली, काही पुण्याहून मागवली, दोन तर आईच्या कपाटातलीच आहेत. खाली पोह्यांची गाडी लागलीय, तिचा आवाज येत राहील मधे मधे. आम्ही इथे पोहे-जलेबी म्हणतो, जिलबी नाही, आणि ह्या एका शब्दावरनं एका लग्नात नात्यातल्या एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, तुमचं मराठी म्हणजे अर्धं हिंदीच की गं. खूप लागलं होतं मला ते. आमच्या घरात पाच पिढ्या इथे मराठी बोलतायत. त्यामुळे वर्षभर वाचताना ते वाक्य डोक्यात होतंच, आता बोलताना पण येणार.

आधी 'माझा प्रवास', कारण सगळ्यात जास्त तेच आवडलं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, डोक्यावर कर्ज, म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेला निघाले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, बस एवढाच हेतू. आणि महूजवळ पोचल्यावर वाटेत ओळख झालेले शिपाई त्यांना सांगतात की आता बंड होणार. महू! आमच्या घरापासनं पंचवीस किलोमीटर, लहानपणी पातालपाणीचा धबधबा बघायला जाताना दरवेळी लागायचं ते स्टेशन, आणि हे मला चाळीशी उलटल्यावर एका कोकणातल्या भटजींकडनं कळतंय. पुढे झाशीच्या वेढ्यात ते स्वतः अडकले. शहर पडल्यावरची लूट, जाळपोळ, तहान, सगळं त्यांनी लिहिलंय आणि स्वतःची भीती पण लपवली नाही.

एक प्रसंग मी तीनदा वाचला. काल्पीच्या रस्त्यावर विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटते, पुरुषी वेश, अंगावर धूळ, घोड्यावरनं आलेली. गोडसे मडकं घेऊन पाणी काढायला जातात तर ती थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि स्वतः काढून ओंजळीनं पिते. पुतळ्यातली राणी मी लहानपणापासून बघतेय, पण पाणी पिणारी राणी पहिल्यांदा दिसली.

आता ह्या पुस्तकाचीच गोष्ट ऐका. गोडशांनी ते मोडीत लिहिलं, चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली छापलं, पण छापताना भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवला. मूळ लिहिलेलं जसंच्या तसं दत्तो वामन पोतदारांनी बाहेर काढलं ते थेट 1966 साली! वैद्यांचे उपकार आहेतच, त्यांनी लिहायला लावलं नसतं तर काहीच उरलं नसतं. पण मला मूळच हवं. ज्या माणसानं झाशी डोळ्यांनी बघितली त्याचं वाक्य थोडं वेडंवाकडं असलं तर असू दे ना, ते वाक्य त्याचं आहे.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून भागाभागानं आलेलं, आणि तिथे पण सुरुवातीलाच 57 सालच! बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, घरात सगळं धुवायचं आणि परत धुवायचं. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात जे बंड दोन पानांत संपतं ते एका घरातल्या लहान मुलीच्या डोक्यावर तांब्या तांब्यानं ओतलं जातंय. मी आईला वाचून दाखवत होते, ती हसली आणि एकदम गप्प झाली, तिच्या आजीकडे असंच होतं म्हणाली. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली. आणि तोच नवरा 1895 साली न सांगता ख्रिस्ती झाला, त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, ती पानं वाचताना घशाशी येतं, पण त्या कुठेही स्वतःची कीव करत नाहीत. बोलतात तसंच लिहिलंय. शेवटाकडे नावं आणि गावं फार होतात, माझा वेग तिथे कमी झाला, हे पण खरं.

हे जाडजूड दिसतंय ना खाली, त्याचं नाव नाही घेत. ऐतिहासिक कादंबरी, होळकरांचा काळ, मी केवढ्या आशेनं मागवली होती, राजवाडा आमच्यापासनं चालत जाण्यासारखा आहे. चारशे पानांनंतर सोडली. त्यात पाणक्या आणि सरदार एकच भाषा बोलतात, सगळे दरबारात उभे असल्यासारखे, कुणाला भूक लागत नाही, कुणाच्या तोंडी घरातला एक शब्द नाही. मेहनत खूप घेतलीय लेखकानं, ते दिसतं, पण माणसं श्वासच घेत नाहीत.

त्यानंतर प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' उघडलं आणि जीवात जीव आला. लंपन, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव, आणि त्याच्या मराठीत कन्नड असं मिसळलंय की काढायला गेलात तर गोष्टच फाटेल. सगळं, लंपनच्याच शब्दात, मॅडसारखं! संत कराडला भूशास्त्र शिकवायचे, म्हणजे मातीचे थर वाचणारा माणूस, तेच काम त्यांनी ह्या मुलाच्या बोलण्यावर केलंय असं मला वाटलं. त्या लंपनला कुणी म्हणत नाही की तुझं मराठी अर्धं कन्नड आहे. उलट महाराष्ट्र त्याच्यावर जीव टाकतो, आणि टाकायलाच हवा. मग माझी जलेबी काय वाईट आहे? मावशींना मी हे पुस्तक पाठवलं, चिठ्ठी काही लिहिली नाही सोबत.

कवी गजानन माधव मुक्तिबोधांवर थोडंच बोलते, कारण त्यांना मी अजून पुरतं समजू शकले नाही. श्योपूरला 1917 साली जन्म, घर मराठी, आमच्या होळकर कॉलेजात शिकले आणि कविता लिहिली हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र, ते मराठीत, 'नवी मळवाट' 1949 साली आली. एकाच स्वयंपाकघरातनं दोन भाषांचे दोन कवी निघाले! थोरल्यांची 'अंधेरे में' मी रात्री वाचली, ती मिरवणूक, त्यात सेनापती, नावाजलेले कवी आणि गावचा गुंड सगळे एकत्र चाललेत, आणि उठून खिडकी लावून घेतली. हिंदीत वाचली पण घाबरले मराठीतच.

आणि हे वरचं, 'ऋतुचक्र'. दुर्गाबाई भागवत, जन्म 1910 चा, इथलाच, इंदूरचा. पुस्तक 1956 चं. हे सलग वाचू नका, मी केलं होतं आधी एकदा, सगळी फुलं एकमेकांत मिसळून गेली आणि कंटाळा आला. आता महिन्याला एक लेख अशी शिस्त लावलीय, चैत्रापासनं. आधी मागच्या अंगणातलं झाड बघायचं, मग लेख वाचायचा, मग परत झाड बघायचं. वैशाखात आई पण खुर्ची घेऊन बसायला लागली, तिला दिसत कमी, म्हणून मी मोठ्यानं वाचते आणि ती मधेच थांबवून सांगते की हे झाड पूर्वी आपल्या गल्लीत पण होतं, रस्ता रुंद केला तेव्हा गेलं. श्रावणाचा परवा झाला. भाद्रपदाचं पान दुमडून ठेवलंय, अजून उघडलेलं नाही.