इंजिन बंद, धार चालू

[दृश्य: राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळीची पट्टी. गढूळ पाणी. मागे इंजिनाचा आवाज, मग एकदम शांतता.]

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना टेकलं की इशारा, ४३ फुटांना धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. अशा वेळी चिखली-आंबेवाडीच्या गल्ल्यांत आणि शिरोळच्या शिवारात रबरी बोटी फिरतात. त्यांच्या मागे लावलेलं इंजिन मात्र मोकळ्या, खोल पाण्यासाठी बनवलेलं असतं. पुराच्या पाण्यात केंदाळ (जलपर्णी) असतं, उसाचं पाचट असतं, कुंपणाच्या तारा, उडालेले पत्रे, दोरीवरून वाहून आलेल्या साड्या असतात. बोट बंद पडते ती बहुतेक वेळा अशाच किरकोळ कारणाने: एखादी प्लास्टिकची पिशवी, एखादी पिन, नाहीतर टाकीच्या झाकणावरचा आवळून राहिलेला स्क्रू.

इंजिन थांबलं की हात आपोआप स्टार्टरच्या दोरीकडे जातो. तो आधी नांगराकडे जायला हवा. सेकंदाला दोन मीटर धार असेल तर एका मिनिटात बोट १२० मीटर खाली जाते, आणि दोरी ओढताना एक मिनिट कुठे गेला ते कळतही नाही.

[दृश्य: उन्हाळ्यातला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांब, मध्ये बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या.]

हा बंधारा उन्हाळ्यात नीट बघून ठेवा. पावसाळ्यात मधले बरगे काढतात, खांब जागेवरच राहतात. पाणी चढलं की खांब बुडतात आणि वरून फक्त पाण्याची एक गुळगुळीत वळी दिसते. तिच्या खालच्या अंगाला फेस वाहून जात नाही, उलटा बंधाऱ्याकडे फिरत राहतो. त्या फिरत्या पाण्यात बोट सापडली की चालू इंजिनानेही बाहेर काढणं मुश्कील असतं. त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बोट बंद पडली तर दुरुस्तीचा विचारच करायचा नाही. वल्ही घ्यायची आणि काठ गाठायचा. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, धारेकडे थोडी तिरकी धरून वल्हवलं की पाणीच बोटीला आडवं ढकलतं. पंचगंगेवरचे जुने नावाडी हेच करत आले आहेत.

इतर ठिकाणी नांगर टाका, तोही नाळेकडूनच. मागून टाकला तर धार इंजिनाच्या बाजूवर चढते आणि बोट मागून भरते. पाणी तीन मीटर खोल असेल तर १५ ते २० मीटर दोर सोडा, कमी सोडला की नांगर नुसता घासत जातो. झाडाला बांधायचं असेल तर झाडाच्या पाठीमागे, धार फुटून पाणी शांत होतं तिथे जा. झाडाच्या पुढच्या अंगाला आडवी अडकलेली बोट उलटते. गाठ एका हिसक्यात सुटणारी हवी आणि चाकू हाताशी हवा. विजेच्या खांबाला हात लावू नका, पुरवठा बंद आहे असं कुणी कितीही सांगितलं तरी. वल्ही वाहून गेली असतील तर फावडं चालतं.

वेग कमी करायला काही जण बादली दोरीला बांधून सोडतात. समुद्रावर वाऱ्याने वाहताना तिचा उपयोग आहे. नदीत बादलीही पाण्याबरोबरच वाहते, म्हणून तिने काही थांबत नाही.

[दृश्य: इंजिनाच्या हँडलवरचं लाल बटण. त्यामागे अडकवलेली क्लिप, क्लिपला लाल दोरी.]

बोट थांबली. आता सगळ्यात आधी ही लाल दोरी बघा. चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ती त्याच्या मनगटाला असते. चढउतार करताना कुणाच्या तरी गुडघ्याने क्लिप निघते आणि मग सगळे दहा मिनिटं स्टार्टर ओढत बसतात. क्लिप पाण्यात गेली असेल तर बुटाची नाडी घ्या. बटणाच्या मागच्या खाचेत तिचे दोन वेढे आवळा, म्हणजे बटण बाहेर ताणलेलं राहील. नाडीचं दुसरं टोक मनगटाला बांधायचंच, सुरक्षा सोडायची नाही.

इंजिन चालू आहे पण बोट हलत नाही, तेव्हा बिघाड पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे असतो. लाल दोरी काढा, गिअर न्यूट्रलला आणा, इंजिन वर उचलून अडकवा. केंदाळ हाताने निघतं. पाचट चाकूने कापावं लागतं. साडी मात्र कापत बसू नका. तिचं सुटं टोक शोधा आणि पंखा उलटा फिरवत ती सोडवा, पाच मीटर कापड दोन मिनिटांत मोकळं होतं. साडी कापत गेलात की आतले वेढे पंख्याच्या आणि गिअरपेटीच्या मधल्या फटीत तसेच राहतात आणि तिथल्या सीलला खातात. नायलॉनचा दोरा किंवा मासेमारीची तंगूस असेल तर ती हमखास त्याच फटीत घुसलेली असते. त्यासाठी पंखा काढावाच लागतो.

पंखा काढण्याआधी त्याच्याखाली टॉवेल किंवा लुंगी झोळीसारखी बांधा. नट, वायसर आणि कॉटर पिन हातातून निसटणारच, आणि पुरात पडलेला नट पुन्हा मिळत नाही. नट सुटू न देणारी ही कॉटर पिन तुटली तर गॅल्व्हनाइज्ड तारेचे दोन पदर घालून टोकं दोन्हीकडे वळवा. तेवढ्यावर काठापर्यंत येता येतं.

[दृश्य: तळहातावर दोन पिना. एक सरळ, एक मधोमध कापली गेलेली.]

ही लहान इंजिनांतली शिअर पिन, साधारण दोन ते सहा अश्वशक्तीच्या इंजिनांत सापडते. पंखा दगडाला लागला की ही मऊ पिन कापली जाते आणि आतले गिअर वाचतात. तिचं काम तुटणं हेच आहे. म्हणून ड्रिलचा तुकडा किंवा कडक स्टीलचा खिळा तिच्या जागी ठोकणारा माणूस शंभर रुपयांच्या पिनेऐवजी अख्खी गिअरपेटी पणाला लावतो. साधा मऊ खिळा त्याच जाडीचा कापून घातला तर कमी वेगाने घरी येता येतं. त्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये मूळ पिन दाखवून त्याच मापाच्या, त्याच धातूच्या चार पिना लेथवर काढून घ्या आणि दोन इंजिनाच्या आतच टेपने चिकटवून ठेवा.

मोठ्या इंजिनांत पिनेऐवजी पंख्याच्या पोटात रबरी बुश असतो. तो सुटला की कमी वेगात बोट चालते, जोर दिला की इंजिन नुसतं ओरडतं. खात्री करायला पंख्याच्या मधल्या नळीवरून बाहेरच्या अंगापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा आणि थोडा जोर द्या. रेघेचे दोन तुकडे झाले तर बुश घसरला आहे. पाण्यावर त्याला इलाज नाही. चालण्याच्या वेगाने परत या.

इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक पिचकारी उडत असते. इंजिन गार राहतंय याची तीच खूण, आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून ती बघणं हे चालकाच्या शेजारी बसलेल्याचं काम. पिचकारी थांबली की इंजिन बंद. खालच्या जाळीवर पिशवी चिकटली असेल तर इंजिन उचलून ती काढा. जाळी साफ असूनही पिचकारी नसेल तर तिच्या भोकात तंगूस किंवा तांब्याची बारीक तार सरकवा, गाळाची गुठळी असते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. आणि रस्त्यावर, बोट पाण्यात लोटण्याआधी, ‘चालू होतंय का बघू’ म्हणून कोरडं इंजिन फिरवू नका. आतल्या पंपाची रबरी पाती पाण्याशिवाय काही सेकंदांतच जळायला लागतात. मग भर पुरात पिचकारी का थांबली याचं कोडं पडतं.

[दृश्य: इंधनाच्या नळीवरचा रबरी बल्ब, हातात दाबताना.]

आता इंधन. हा बल्ब बोलका असतो. आत ओढून चपटा झाला तर टाकीत हवा जात नाही, झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करा. दाबून दाबून घट्टच होत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय. नळीची जोडणी काढून बघा, आतली रबरी रिंग फाटली असेल तर ग्रीस चोपडून बसवा. नळी चिरली असेल तर चिरलेला भाग कापून टाका आणि कडक प्लास्टिकच्या नळीचा तुकडा मध्ये घालून दोन्ही बाजूंनी तारेने आवळा. बल्ब दाबताना त्यावरचा बाण वर करून धरा, लवकर भरतो. इंजिनाचा इंधनपंप गेला असेल तर एकाने सतत बल्ब दाबत राहायचं. हात भरून येतो, पण इंजिन चालतं.

पेट्रोलमध्ये पाणी शिरणं हा पुरातला नेहमीचा त्रास. टाकी पावसात उघडी, वर बोटीत घोटाभर पाणी. पारदर्शक बाटलीत तळाचं थोडं पेट्रोल घ्या आणि दोन मिनिटं स्थिर धरा. खाली वेगळा थर दिसला की कळलं. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं बरंच आपल्याच उसातून आलेलं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की त्याला घेऊन तळाशी बसतं. तळाचे दोन-तीन लिटर टाकीतच सोडून वरचं दुसऱ्या डब्यात काढा. मग कार्ब्युरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू उघडून आतलं पाणी जाऊ द्या. टू-स्ट्रोक इंजिनाला ५० ला १ तेल, म्हणजे १० लिटरला २०० मिली. घाईत तेल विसरलेला डबा हा पाण्यापेक्षा वाईट. पाण्याने इंजिन बंद पडतं, तेल नसेल तर जाम होतं.

[दृश्य: इंजिनाचं वरचं कव्हर काढलेलं. फ्लायव्हील आणि तिच्या कडेची खाच.]

स्टार्टरची दोरी तुटणं सगळ्यांत घाबरवतं, आणि त्याचा इलाज सगळ्यांत जुना आहे. लाल दोरीची क्लिप काढा. कव्हर काढा. स्टार्टरची वरची पेटी सहसा तीन बोल्टांवर असते, १० चा पाना लागतो. ती उचलली की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक, उघडी पडते. तिच्या कडेला एक खाच असते. पाच-सहा मिलिमीटर जाडीची, दीड मीटर लांब नायलॉनची दोरी घ्या. एका टोकाला गाठ मारा, दुसऱ्या टोकाला पाना नाहीतर लाकडाचा तुकडा बांधा. गाठ खाचेत बसवा आणि वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दोन वेढे घ्या. बहुतेक इंजिनं त्याच दिशेने फिरतात.

आता थांबा. गिअर न्यूट्रलला आहे का ते स्वतः हाताने तपासा. गिअरमध्ये असताना इंजिन चालू होऊ न देणारी कडी त्या काढलेल्या पेटीबरोबरच गेलेली असते. गळ्यातला टॉवेल, रेनकोटची नाडी, ओढणी, सगळं दूर. दोरी मुठीभोवती गुंडाळायची नाही, इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटं जातात. मागे कुणाचं तोंड नाही ना ते बघा, कारण गाठ खाचेतून सुटताना दोरी चाबकासारखी येते. क्लिप लावा. ओढा. चालू झालं की पेटी परत बसवायच्या फंदात पडू नका. उघड्या फ्लायव्हीलपासून सगळ्यांना पुढे बसवा आणि थेट काठाला या.

बोटीची हवा जाण्याला दोन कारणं असतात, आणि एक कारण म्हणजे काहीच नाही. दुपारी उन्हात फुगवलेली बोट गार पाण्यात उतरली की मऊ पडतेच. पंप मारा. खरी गळती असेल तर आधी व्हॉल्व्ह बघा, त्यात वाळूचा कण अडकतो. फाटल्याचं दिसलं तर पंक्चरवाल्याचं सोल्युशन विसरा, ओल्या कापडावर ते धरत नाही. काट्याचं भोक असेल तर रबरी वायसर घातलेला छोटा स्क्रू फिरवून बसवा. पत्र्याने पाच सेंटिमीटरची चीर पडली असेल तर दोन लांबट पट्ट्या, दोन ट्यूबचे तुकडे आणि एक बोल्ट लागतो. आतल्या पट्टीला आधी दोरा बांधा, नाहीतर ती बोटीच्या पोटात पडते. पट्टी चिरेतून उभी सरकवा, आत गेल्यावर आडवी फिरवा, बाहेरून रबर आणि दुसरी पट्टी लावून नट आवळा. काहीच नसेल तर ट्यूबची चौघडी चिरेवर ठेवून मालाच्या ट्रकवरचा रॅचेट बेल्ट त्यावरून आवळायचा. हवा गळत राहते, पण पंप तिच्या पुढे राहतो.

इंजिनाजवळचा कप्पा गेला असेल तर माणसं पुढे आणि दुसऱ्या बाजूला सरकवा, कारण तिथे आधीच इंजिनाचं वजन आहे.

दुसरी बोट ओढून न्यायला आली तर दोर नाळेच्या कडीला, इंजिनाला कधीच नाही. खोल पाण्यात बंद इंजिन खालीच ठेवा, बोट डोलत नाही. उथळ पाण्यात उचला.

[दृश्य: काठावर आणलेलं चिखलाने माखलेलं इंजिन. प्लग काढलेले.]

इंजिन पूर्ण बुडालं असेल तर काठावर आल्यावर तासाभरात हात लावा. प्लग काढा, २१ चा पाना. प्लगची भोकं खाली करून दोरी हळू ओढा, पाणी निघेल. फिरताना अडलं तर जोर करू नका. चालू असताना बुडालेल्या इंजिनात कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. मोकळं फिरलं तर प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, पुन्हा फिरवा, कोरडे प्लग लावा. इंजिन पाण्याच्या पिंपातच चालू करा आणि पिचकारी दिसली की अर्धा तास चालू ठेवा, म्हणजे आतली उरलेली ओल जाईल.